हुर्राक, फेणी आणि द्राक्षबागा: पाटीवर नसलेली ठिकाणं विचारून कशी सापडतात

मार्च उजाडला की बेळगावहून गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या वाढू लागतात. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी असं करत सव्वाशे-दीडशे किलोमीटरमध्ये माणूस समुद्राला टेकतो. परत आल्यावर विचारावं तर सांगायला नेहमीचंच असतं: कळंगुट, बागा, पार्किंगचे हाल आणि दुकानातून आणलेली एखादी रंगीत बाटली. ज्या रस्त्यानं आपण गेलो, त्याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना त्या दिवसांत काजूची बोंडं गोळा होत असतात, भट्ट्या पेटलेल्या असतात, गावागावांत शिगमा चाललेला असतो. हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, कारण त्याची पाटी कुठेच लागलेली नसते.

पाटी नसलेली गोष्ट शोधायची तर विचारावं लागतं. आणि विचारण्याच्या बाबतीत आपण सीमाभागातली मराठी माणसं नशीबवान आहोत. सत्तरी-डिचोलीत मराठी चालते, सिंधुदुर्गात चालते, तासगाव-पलूसला आणि अकलूज-नाशिकला तर घरचीच आहे, आणि अथणी-विजापूरच्या पट्ट्यात कन्नडबरोबर मराठी समजणारे पुष्कळ भेटतात. दिल्ली-मुंबईच्या पर्यटकाला जे मिळवायला गाइड लागतो, ते आपल्याला चहाच्या टपरीवर मिळू शकतं. फक्त काय विचारायचं आणि मिळालेल्या उत्तराचा अर्थ काय, हे माहीत हवं. त्यासाठी हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा लेख 'दारू प्या' असं सांगायला लिहिलेला नाही. पिणं न पिणं ज्याचं त्यानं ठरवावं. पण फेणी असो की वाइन, ती एका फळाची, एका मातीची आणि ती करणाऱ्या घरांची गोष्ट आहे. न पिणाऱ्यालाही ती बघण्यासारखी आहे.

पाटी का नसते?

कॉमर्सच्या भाषेत बोलायचं तर पाटी हा जाहिरातीचा खर्च आहे. ज्याचा माल वर्षभर विकायचा आहे, ज्याच्याकडे ब्रँड आहे, तोच हा खर्च करतो. काजूची भट्टी चालते साधारण अडीच-तीन महिने. तिथं निघणारी हुर्राक टिकाऊ नाही, फार दिवस ठेवली की चव उतरते. म्हणून ती जवळच्या जवळ खपते. गिऱ्हाईक ठरलेलं, गाव ठरलेलं. मग पाटी कशाला लावायची?

द्राक्षबागायतदाराचंही तेच. त्याचा माल व्यापारी किंवा कंपनी नेते. वाटसरूनं बाग बघायला यावं, ही त्याची गरज नाही. तो दाखवणार नाही असं नाही, पण विचारल्याशिवाय दाखवणार नाही. तेव्हा चांगली जागा लपवून ठेवलेली असते असं समजू नका. ती फक्त विकायला मांडलेली नसते.

भट्टीवर काय चाललंय, ते समजून घ्या

काजूचं झाड मूळचं ब्राझीलचं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते इकडे आणलं आणि ते कोकणाच्या डोंगरात आपलंच होऊन गेलं. जगभर लोक काजूची बी खातात आणि बोंड फेकून देतात. गोवेकरांनी बोंडाचं सोनं केलं.

पारंपरिक रीत अशी. बोंड झाडावरून तोडत नाहीत. पिकून खाली पडलेलंच उचलतात. बी वेगळी करून विकायला ठेवतात. बोंडं दगडी कुंडात टाकून पायांनी तुडवतात, त्या कुंडाला कोळंबी म्हणतात. आता बऱ्याच ठिकाणी तुडवण्याऐवजी यंत्र आलं आहे. रस काढून उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून त्यावर दगडाचं वजन ठेवतात. त्यातून थेंब थेंब झिरपतो तो स्वच्छ रस म्हणजे नीरो. हा ताजा असताना गोड असतो आणि त्यात नशा नसते. पोराबाळांनीही प्यावा असा. दारू न पिणाऱ्या माणसानं या दिवसांत सत्तरीत जाऊन नीरो विचारला नाही, तर त्यानं काजूचा हंगाम अर्धाच बघितला म्हणायचं.

रस भांड्यात दोन-तीन दिवस आंबवतात. बाहेरचं यीस्ट घालत नाहीत. पूर्वी जमिनीत अर्धे पुरलेले मातीचे घडे असत, आता प्लास्टिकचे पिंप दिसतात. मग तो भाणात, म्हणजे भट्टीवरच्या मोठ्या भांड्यात, उकळून वाफ थंड करतात. पहिल्या उकळीला निघते ती हुर्राक. तिच्यात मद्यार्क साधारण १५ टक्के असतो. ही हुर्राक रसाबरोबर पुन्हा उकळली की मिळते फेणी, तिच्यात मद्यार्क ४२ टक्क्यांच्या आसपास. फेणी हे नाव 'फेन' म्हणजे फेसावरून आलं असं सांगतात. जुनी माणसं अजून बाटली हलवून, वर येणाऱ्या बुडबुड्यांवरून कस ओळखतात.

गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. पण बरीच वर्षं कायद्याच्या कागदावर ती 'देशी दारू'च होती, त्यामुळे गोव्याबाहेर विकायला अडचण यायची. २०१६ मध्ये गोवा सरकारनं अबकारी कायद्यात दुरुस्ती करून तिला वारसा पेयाचा दर्जा दिला.

आता हे शब्द माहीत असण्याचा फायदा बघा. "इथे फेणी कुठे मिळते?" असं विचारलं तर माणूस तुम्हाला जवळच्या दुकानात पाठवतो. "या वर्षी बोंडं कशी आहेत? भट्टी लागली का? नीरो मिळेल का?" असं विचारलं की तोच माणूस थांबतो, तुमच्याकडे नीट बघतो आणि बोलायला लागतो. अवकाळी पाऊस झाला का, मोहर गळला का, मजूर मिळतात का, हे सगळं निघतं. बी महाग आणि बोंड वेचायला माणूस नाही, ही आज तिथली खरी काळजी आहे, आणि ती दुकानातल्या बाटलीवर छापलेली नसते.

एकच बोंड, दोन राज्यं

सीमाभागातल्या माणसाला यातली एक गंमत लगेच कळेल. काजू काय फक्त गोव्यात होतो? दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ला, चंदगड, खानापूर, सगळीकडे आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं काढलेल्या काजूच्या जाती देशभर लावल्या जातात. पण सीमेपलीकडे ज्या बोंडाची फेणी होते, तेच बोंड सीमेअलीकडे बहुतेक वेळा झाडाखाली कुजतं. माती तीच, पाऊस तोच, झाडही तेच. फरक आहे तो अबकारी परवान्याचा.

कारण मद्य हा राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या राज्यसूचीतला विषय आहे. गोव्यात काजूच्या मोसमासाठी अबकारी खातं झोन पाडून लिलाव करतं आणि परवाने देतं. इतर राज्यांत तशी व्यवस्था नाही. सिंधुदुर्गात बोंडापासून वाइन किंवा इतर पेय करू द्यावं ही मागणी जुनी आहे. दोडामार्गच्या बागायतदाराशी दहा मिनिटं बोललात तर हा हिशेब तो तुम्हाला बोटावर मांडून दाखवील. पुढच्या वेळी गोव्यात जाताना एकदा मुद्दाम तिलारीवरून जा आणि दोन्ही बाजूंना विचारा. एकाच फळाचे दोन भाव ऐकायला मिळतील.

माडाची फेणी आणि रेंदेर

फेणी म्हणजे काजूच, असा समज आपल्याकडे पक्का आहे. दक्षिण गोव्यात, सासष्टीच्या बाजूला, माडाची फेणीही होते. माडावर चढून सूर काढणाऱ्याला रेंदेर म्हणतात. तो दिवसातून तीनदा माडावर जातो. सकाळ-संध्याकाळ सूर उतरवायला आणि दुपारी पोय छाटून साफ करायला. ताज्या सुरेवर सान्नांचं पीठ फुगवतात, ती आटवून माडाचा काळा गूळ करतात, आंबवून शिर्का करतात आणि उकळून फेणी.

म्हणजे एका झाडावरून चार पदार्थ. एवढ्या उंचीवर दिवसाला तीनदा चढायला नवीन पोरं तयार होत नाहीत, त्यामुळे हे काम कमी होत चाललंय. काजूचा मोसम संपला तरी माड बारा महिने असतो, म्हणून पावसाळ्यानंतर गेलात तरी रेंदेर भेटू शकतो. या भागात कोंकणी बोलली जाते. आपली मराठी त्यांना समजते, त्यांची कोंकणी आपल्याला कळते. निघताना 'देव बरें करूं' एवढं म्हटलं तरी समोरच्याचा चेहरा खुलतो.

'गोव्याची वाइन' कुठली?

बेळगाव-कोल्हापूरकडे येणाऱ्या पिशव्यांत हमखास एक गोड, लाल, स्वस्त बाटली असते. पोर्ट वाइन. "गोव्याची वाइन आणलीय," असं सांगत घरात ती फोडली जाते. पण गोव्यात द्राक्षबागा बघितल्यात का कधी? नाहीत. त्या दमट हवेत आणि पावसात द्राक्षं परवडत नाहीत. तिथं होणाऱ्या पोर्टची द्राक्षं महाराष्ट्र-कर्नाटकातून जातात. म्हणजे द्राक्षं आपल्याकडून घाट उतरून जातात आणि बाटली होऊन घाट चढून येतात.

मूळची पोर्ट ही पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यातली. त्या खोऱ्याची हद्द १७५६ साली सरकारी हुकमानं आखून दिली गेली. वाइन आंबत असतानाच तिच्यात द्राक्षाचं स्पिरिट घालून आंबणं थांबवतात, त्यामुळे गोडी उरते आणि मद्यार्क वाढतो. गोव्यातली पोर्ट ही त्या सवयीची आठवण आहे. वाईट आहे असं नव्हे. पण तिला 'इथली' म्हणायचं तर फेणीला काय म्हणणार?

द्राक्षाचं गाव: कधी जायचं हे बागायतदाराला विचारा

खरी वाइन बघायची तर घाटावरच, कोरड्या हवेत जायला हवं. आपल्या जवळ सांगलीतलं तासगाव-पलूस आहे, अथणी आणि विजापूरचा पट्टा आहे, सोलापूर जिल्ह्यात अकलूज-नान्नज आहे, आणि थोडं लांब नाशिक-दिंडोरी.

इथं लोक एक गोष्ट विसरतात. कॅलेंडर. युरोपात द्राक्षाची तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यानंतर काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, म्हणजे गोडी छाटणी, तिच्यानंतर घड लागतात. माल तयार होतो जानेवारी ते मार्च. मे महिन्याच्या सुट्टीत बाग बघायला गेलात तर घड दिसणार नाहीत. बागायतदाराला "गोडी छाटणी कधी घेतली?" एवढं विचारलं की तो तारीख सांगतो, आणि तिथून साधारण चार-पाच महिने मोजले की आपल्याला जायचा आठवडा कळतो. ही माहिती कुठल्याही हॉटेलच्या बुकिंगमध्ये मिळत नाही.

दुसरी गोष्ट, खायचं द्राक्ष आणि वाइनचं द्राक्ष वेगळं. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेलं तास-ए-गणेश आणि सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांचं सोनाका ही खायची आणि बेदाण्याची नावं. या जाती शेतकऱ्यानं स्वतःच्या बागेत नजरेनं टिपून तयार केल्या, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. वाइनचं द्राक्ष लहान मण्याचं, जाड सालीचं आणि बियांचं असतं. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यॉ ब्लाँ, शिराझ, कॅबरने सोव्हिन्यॉ ही त्यातली आपल्याकडे रुळलेली नावं. खाऊन बघितलंत तर गोड लागतं, पण साल चावावी लागते. रंग आणि तुरटपणा त्या सालीतच असतो.

या धंद्याचा थोडा इतिहास माहीत असला तर गप्पा पुढे जातात. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फसफसणाऱ्या वाइनचा मोठा प्रयोग केला. १९९९ मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकला सुला सुरू केली. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणून वाइनला अबकारीत सवलत दिली, आणि नाशिकजवळ विंचूर व सांगलीत पलूस इथं वाइन पार्क काढली. अकलूजला मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची अशा तीन घरांतल्या भावाभावांनी मिळून वाइनरी उभी केली, म्हणून तिचं नाव फ्रातेली, इटालियनमध्ये 'भाऊ'. सोलापूरच्या उन्हात सांजोव्हेजे हे इटलीचं द्राक्ष वाढतं, हे अकलूजला गेल्याशिवाय खरं वाटत नाही.

पण हे झालं वाइनरीच्या भिंतीवर लिहिलेलं. बांधावर गेलात तर दुसरी बाजू ऐकायला मिळते. २००८ नंतरच्या मंदीत वाइनची मागणी पडली आणि नाशिककडच्या बऱ्याच शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून परत खायची द्राक्षं लावली. खायचं द्राक्ष बाजारात कुणीही घेतं. व्यापारी नाही आला तर बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाला वाइनरी हे एकच गिऱ्हाईक. म्हणून बागायतदार आधी करार बघतो. दर, साखरेचं प्रमाण म्हणजे ब्रिक्स किती हवं आणि पैसे किती दिवसांत, हे त्यात लिहिलेलं असतं. बाटलीची किंमत कळण्यापेक्षा हा करार कळला तर वाइन जास्त कळते.

कुणाला, काय आणि कसं विचारायचं

फिरता फिरता मला जे उपयोगी पडलं ते थोडक्यात मांडतो.

'बघण्यासारखं काय आहे?' हा प्रश्न टाळा. त्याला ठरलेलं उत्तर येतं, धबधबा किंवा बीच. त्याऐवजी 'या दिवसांत तुमच्याकडे काय असतं?' असं विचारा. उत्तरात मोसम येतो, आणि मोसमात सगळं येतं: फळ, जत्रा, जेवण. मार्चमध्ये सत्तरीत असं विचारलंत तर घोडेमोडणी कुठल्या गावात कधी आहे ते कळेल. चैत्रात साखळीला विचारलंत तर विठ्ठलाच्या चैत्रोत्सवाचं कळेल.

हो-नाहीचा प्रश्न विचारू नका. 'हा रस्ता जातो का?' म्हटलं की सभ्य माणूस 'जातो की' म्हणतो. 'तुमची गाडी तिथून कशी जाते? पावसात काय करता?' म्हटलं की खरं कळतं.

अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका, वेळेत विचारा. आणि एका माणसाच्या सांगण्यावर निघू नका. दोन वेगळ्या ठिकाणी, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी तेच नाव घेतलं तर बिनधास्त जा.

कुणाला विचारायचं? जो रोज फिरतो त्याला. गोव्यात सायकलवरून पाव विकणारा पदेर, मासे घेऊन दारोदार जाणारी बाई, एसटी किंवा कदंबचा वाहक, खतांच्या दुकानातला माणूस. द्राक्षपट्ट्यात औषध-खताचं दुकान म्हणजे चालतं-बोलतं माहिती केंद्र. कुणाची बाग कशी आहे, हे तिथल्या उधारीच्या वहीला माहीत असतं.

हाक मारताना गाव बघा. सत्तरीत काका, मावशी, भाऊ चालतं. अथणी-विजापूरकडे अण्णा, अक्का, मामा. 'अण्णा, द्राक्षी तोट एल्लैत्री?' एवढं मोडकंतोडकं कन्नड बोललात तर पुढची गोष्ट तो मराठीत सांगतो. भाषेवरून भांडणाऱ्या बातम्या आम्हीच रोज देतो. बांधावर मात्र असा अनुभव येतो.

काहीतरी विकत घ्या. अर्धा किलो काजू, बेदाणे, माडाचा गूळ. फुकट वेळ घेऊ नका. आणि फोटो काढण्याआधी विचारा. कुणाच्या घरामागची भट्टी लोकेशनसकट व्हॉट्सॲपवर फिरवणं म्हणजे पाहुणचाराची चांगली परतफेड नव्हे.

वाटेत थांबायला जागा कमी नाहीत. कणकुंबीला माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम. साखळीजवळ हरवळ्याची लेणी, धबधबा आणि रुद्रेश्वर. नार्व्याचं सप्तकोटेश्वर, ज्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. थोडी वाट वाकडी केली तर कदंबकालीन तांबडी सुर्ल्याचं महादेव मंदिर. या प्रत्येक ठिकाणी देवळाबाहेर बसलेला एक तरी जाणता माणूस असतो.

लांबच्या वाचकांसाठी

इंदूर, बडोदा, हैदराबादचे वाचक म्हणतील, हे सगळं तुमच्या घाटाचं. पण विचारायचं तंत्र सगळीकडे चालतं. इंदूरहून पश्चिमेला झाबुआ-आलिराजपूरकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात. पहाटे वेचायला अख्खं घर जातं. मध्य प्रदेश सरकारनं मोहाच्या दारूसाठी वारसा मद्य धोरण आणलं आहे. हैदराबादेत ताडी काढणाऱ्या गौड समाजाची परंपरा आहे आणि २०२३ पासून नेकलेस रोडवर नीरा कॅफेही आहे. बडोद्यात दारूबंदी असली तरी हिवाळ्याच्या सकाळी ताजी नीरा लोक आवडीनं पितात. फूल कधी पडतं, नीरा किती वाजेपर्यंत गोड राहते, हे तिथल्या माणसालाच विचारा.

परत येताना

सगळ्यात जास्त गफलत होते ती इथं, म्हणून नीट वाचा.

मद्यावर जीएसटी नाही, प्रत्येक राज्याचा वेगळा अबकारी कर आहे. म्हणून गोव्यात बाटली स्वस्त आणि घाट चढला की महाग. ही तफावत आहे म्हणूनच सीमेवर तपासणी आहे. ज्या राज्यात तुम्ही शिरता, त्या राज्याचा कायदा तुम्हाला लागतो. 'गोव्यात बिल घेतलंय' एवढ्यानं भागत नाही. कॅनमधली सुटी फेणी किंवा हुर्राक तर घेऊन निघूच नका. ती परवान्याची आहे की नाही, हे रस्त्यावर सिद्ध करता येत नाही. सीलबंद बाटली न्यायची असेल तर परवाना लागतो का, किती चालते, हे दोन्ही बाजूंच्या अबकारी कार्यालयात आधी विचारा. नियम बदलत असतात. गुजरातच्या वाचकांनी तर नेण्याचा विचारही करू नये. तिथं दारूबंदी आहे.

वयाची अटही वेगळी. गोव्यात १८ पूर्ण. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि इतर दारूला २५. कॉलेजच्या पोरांच्या सहलीत हे कुणी सांगत नाही.

आणि गाडी. हुर्राक लिंबू, मीठ, हिरवी मिरची आणि सोडा घालून पितात. ती सरबतासारखी लागते आणि तिथंच माणूस फसतो. हिशेब करा: २०० मिलिलिटर हुर्राक, १५ टक्क्यांनी ३० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क. म्हणजे साधारण ७० मिलिलिटर व्हिस्की. एका ग्लासात एका लार्ज पेगपेक्षा जास्त. १५० मिलिलिटर वाइनमध्येही सुमारे १९ मिलिलिटर मद्यार्क असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला तर पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चोर्ल्याची वळणं मात्र दंड करून सोडत नाहीत. ज्यानं चव घेतली त्यानं त्या रात्री तिथंच मुक्काम करावा, किंवा न पिणाऱ्याच्या हातात चावी द्यावी.

शेवटी हिशेब कुणाचा?

समुद्रकाठच्या दुकानात खर्च केलेल्या रुपयातला किती भाग बोंड वेचणाऱ्या बाईपर्यंत पोचतो, हे आपण कधी विचारत नाही. मध्ये एजंट, ब्रँड, दुकान, भाडं. भट्टीच्या गावात जाऊन काजू, नीरो, जेवण आणि मुक्काम यावर केलेला खर्च मात्र त्याच गावात राहतो. सत्तरीतल्या घरगुती भट्ट्या, माडावर चढणारा रेंदेर, करार जपून बाग सांभाळणारा शेतकरी, हे सगळे एकाच प्रश्नावर टांगलेले आहेत: पुढच्या पिढीनं हे करावं की शहराची वाट धरावी? बाहेरून येणारा माणूस आदरानं चौकशी करतो, दोन पैसे देतो आणि पुढच्या वर्षी परत येतो, हे घरातल्या पोरांना दिसलं तर उत्तर थोडं तरी बदलू शकतं.

तेव्हा या मोसमात घाट उतरताना साखळीपर्यंत तरी घाई करू नका. टपरीवर थांबा, चहा सांगा आणि विचारा, "काका, यंदा बोंडं कशी आहेत?"